पंचनाम्याची नक्कल शेतकऱ्याच्या हाती द्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आणि पुराने मराठवाड्याचा खरीप धुऊन नेल्यावर राज्य सरकारने ७ ऑक्टोबर रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. तेव्हापासून आपल्या दैनिकात आणि इतरत्रही जी चर्चा चालू आहे, ती बहुतांशी ही रक्कम पुरेशी आहे की नाही याच प्रश्नाभोवती फिरते आहे. हा प्रश्न गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मंजूर झालेली रक्कम, मग ती अपुरी का असेना, शेतकऱ्याच्या खात्यात पोहोचेपर्यंत कोणकोणत्या टेबलांवरून जाते, कुठे अडते आणि अडली तर का अडली हे त्याला कोण सांगते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. म्हणून हे पत्र. मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर धाराशिव जिल्ह्यात सीनाकाठी वडिलोपार्जित शेती पाहतो. त्यामुळे पंचनाम्याच्या कागदावर मी शासनाच्या बाजूनेही सही केली आहे आणि नुकसानग्रस्त म्हणूनही.

आधी दराचे बोलून घेतो. केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाकरिता ठरवलेल्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये ठरले होते, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्याने २०२५ मध्ये ही मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी दहा हजार वाढवून दिले, त्यामुळे जिरायतीचा आकडा १८,५०० वर गेला. ही वाढ स्वागतार्हच आहे. मात्र घोषणा हेक्टरी होते आणि शेतकरी हिशेब एकरी करतो. ८,५०० रुपये हेक्टरी म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये, गुंठ्याला पंच्याऐंशी. त्यात सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, खताचे पोते आणि एक फवारणी एवढेही धड बसत नाही. काढणीची मजुरी दूरच राहिली. याच राज्याने २०२२ मध्ये जिरायतीसाठी हेक्टरी १३,६०० रुपये दिले होते, ही गोष्ट शेतकरी विसरलेला नाही. दराविषयी एवढे पुरे.

आता पंचनामा कसा होतो ते पाहू. पाणी ओसरल्यावर, चिखलात पाय ठरतो न ठरतो तोच तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे गावात येतात (या तिघांची पदनामे आता बदलली आहेत, काम तेच आहे). एका तलाठ्याकडे बऱ्याचदा तीन-चार गावे असतात, मुदत आठवड्याची दिलेली असते, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून रोज सायंकाळी ‘किती टक्के पंचनामे पूर्ण’ याची विचारणा होते. अशा स्थितीत शेतजमिनीचा प्रत्येक गट पायाखाली घालणे माणसाच्या आवाक्यातले नसते, हे मी त्या कामात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो. बांधावर उभे राहून नजरेने अंदाज घेतला जातो. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले दिसले की नुकसान शंभर टक्के, यात वाद नसतो. पण तुरीच्या शेतात पाणी चार दिवस साचून राहिले असेल, तर त्या दिवशी तूर हिरवीच दिसते आणि पंधरा दिवसांनी उधळते, म्हणजे वाळून जाते. पंचनामा झालेला असतो त्या हिरव्या दिवशी. मग टक्केवारीच्या रकान्यात तीस लिहिले गेले की पस्तीस, यावर त्या कुटुंबाला मदत मिळणार की नाही हे ठरते, कारण रेषा तेहतीसवर आहे.

शेतकरी त्या कागदावर सही करतो किंवा अंगठा उठवतो, पंच म्हणून शेजारचे दोघे सही करतात, आणि कागद पिशवीत घालून तालुक्याला जातो. शेतकऱ्याच्या हाती काहीही राहत नाही. आपल्या गटाचे किती क्षेत्र बाधित दाखवले, कोणते पीक लिहिले, टक्केवारी किती धरली, हे त्याला पुन्हा कधी कळत नाही. दुकानात किलोभर खिळे घेतले तरी पावती मिळते. वर्षभराच्या उत्पन्नाचे नुकसान ज्या कागदावर नोंदले गेले त्याची साधी नक्कल मात्र मिळत नाही. माझी मागणी एवढीच आहे की पंचनामा जागेवरच दोन प्रतींत व्हावा आणि दुसरी प्रत शेतकऱ्याला तिथेच द्यावी. मोबाइलवरील ॲपमधून पंचनामा होत असेल तर तोच मजकूर संदेशाने शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावा. यासाठी नवा निधी लागत नाही आणि नवे पद भरावे लागत नाही.

कोणी म्हणेल की एका नक्कलेने काय होणार. यंदा तिचे मोल वाढले आहे, त्याचे कारण पीक विम्यात झालेला बदल हे आहे. खरीप २०२३ पासून चालू असलेली एक रुपयात पीक विमा योजना सरकारने २०२५ च्या खरिपापासून बंद केली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपासाठी विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के असा पूर्ववत झाला, आणि त्याबरोबरच स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान हे भरपाईचे आधार काढून टाकले गेले. जुन्या योजनेत गैरप्रकार झाले होते, बोगस अर्जांचे ढीग निघाले होते, हे खरे आहे. पण पूर्वी शेतात पाणी शिरल्यावर शेतकरी ७२ तासांत कंपनीला कळवत असे आणि त्याच्या नावावर, त्याच्या गटासाठी एक तक्रार क्रमांक पडत असे. भरपाई मिळो वा न मिळो, ‘माझे नुकसान झाले’ असे सांगणारी एक नोंद त्याच्याकडे असे. आता विमा केवळ पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या, सरासरी उत्पन्नावर ठरणार. म्हणजे नदीकाठच्या दहा गटांत पुराने पीक आडवे केले आणि त्याच मंडळातील माळावरचे पीक बरे आले, तर नदीकाठच्या शेतकऱ्याचे नुकसान सरासरीत बुडून जाण्याची भीती आहे. त्याच्या स्वतःच्या शेताचे नुकसान नोंदवणारा एकमेव सरकारी कागद आता महसूल खात्याचा पंचनामा हाच उरला आहे, आणि तोच त्याच्याकडे नसतो.

पुढचा टप्पा यादीचा. तहसील कार्यालयात पंचनाम्यांवरून याद्या तयार होतात, त्या संगणक प्रणालीवर चढवल्या जातात, प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक घेऊन शेतकऱ्याने सेवा केंद्रावर जाऊन आधार पडताळणी करायची असते. ज्यांच्याकडे ॲग्रीस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना २०२५ मध्ये या पडताळणीतून सूट दिली गेली, हा निर्णय चांगला होता आणि त्यामुळे अनेकांचे पैसे लवकर आले. पण ज्यांचा ओळख क्रमांक निघालेला नाही, त्यांच्यात नेमके तेच लोक जास्त आहेत ज्यांची कागदपत्रे आधीच अडलेली आहेत. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे, वडील गेले, वारसनोंद राहिली. किंवा सातबारा चार भावांच्या नावे सामाईक आहे, त्यातले दोघे पुण्याला, एक सुरतेला, आणि कसणारा एकटा गावात. सामाईक खात्याची मदत एकाच्या खात्यावर घ्यायची तर बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. भावाभावांत बोलणे नसेल तर ते संमतीपत्र म्हणजे जुने भांडण नव्याने उकरून काढणे होते. सरकारने २०२५ मध्येच ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मयतांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले, ते स्तुत्य आहे. वारसांची नावे लागली तरी सामाईकपणाचा तिढा मात्र तसाच राहतो.

शिवाय आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कारखान्याची उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा असतो. या वेळी दोन-तीन एकरवाले अनेक अल्पभूधारक पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन गेले, आणि त्यांची नावे पडताळणीच्या यादीत त्यानंतर आली. अंगठा देण्यासाठी उसाच्या फडावरून गावी यायचे तर एक दिवसाचा खाडा आणि जोडीची मजुरी जाते. त्या फडाजवळच्या कोणत्याही सेवा केंद्रावर ही पडताळणी होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सांगितले तरी विशिष्ट क्रमांक हाती नसतो. तो गावच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी टाकलेल्या यादीच्या अंधूक छायाचित्रात शोधावा लागतो.

पडताळणी झाली तरी पैसे कोणत्या खात्यात जातील हा प्रश्न उरतो. आधारशी शेवटी जोडले गेलेले खाते कोणते, यावर ते ठरते, आणि कित्येकांना ते ठाऊक नसते. कधीतरी मोबाइलचे सिम घेताना उघडले गेलेले, पुढे विसरलेले एखादे खाते आधारशी जोडलेले निघते आणि मदत तिथे जाऊन पडते. माणूस मात्र जिल्हा बँकेचे पासबुक भरून आणायला रांगेत उभा असतो. आणि पैसे योग्य खात्यात आले तरी ते काढता येतील याची खात्री नसते. मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, असे शासनाच्या आदेशांत स्पष्टपणे लिहिलेले असते. तरीही माझ्या शेजाऱ्याच्या बचत खात्यावर एका बँकेच्या शाखेने थकीत पीककर्जापोटी ‘होल्ड’ लावून ठेवला होता. आम्ही आदेशाची प्रत दाखवली, तेव्हा ‘वरून सूचना आहे’ असे उत्तर मिळाले. ती सूचना लेखी द्या असे म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. पुढे आठवड्याने होल्ड निघाला, पण लेखी कागद काही मिळाला नाही.

या प्रत्येक ठिकाणी अडलेल्या शेतकऱ्याचे मूळ दुखणे एकच आहे : आपण नेमके कुठे अडलो आहोत, हे त्याला कोणी सांगत नाही. नाव यादीतच नाही, की यादीत आहे पण पडताळणी बाकी आहे, की सामाईक खात्यामुळे थांबले आहे, की खाते आधारशी जोडलेले नाही, की पैसे गेले आणि परत आले? तलाठी म्हणतो तहसीलला विचारा, तहसीलमधला लिपिक म्हणतो बँकेत विचारा, बँक म्हणते आमच्याकडे काही आलेच नाही. यातले कोणीही कदाचित खोटे बोलत नसेल. प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर दिसते तेवढेच तो सांगतो.

यावर उपाय शोधायला नवी समिती नको. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानेच प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अर्थसाहाय्याच्या योजनांची अंमलबजावणी, दिलेल्या रकमा आणि लाभार्थी यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे, आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवण्याचेही. वीस वर्षे हा कायदा आहे. त्यानुसार चावडीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर दोन याद्या लागायला हव्यात. एक, मंजूर झालेल्यांची, त्यात गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम असावी. आधार आणि खाते क्रमांक अर्थातच झाकलेले असावेत. दुसरी, थांबलेल्यांची आणि वगळलेल्यांची, प्रत्येक नावापुढे कारणासह. त्या यादीवर हरकत घेण्यासाठी पंधरा दिवस असावेत आणि हरकतीवर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय मिळावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली दाखले आणि उतारे मुदतीत देण्याचे बंधन घालता येते, तर आपत्तीच्या मदतीवरील हरकतीचा निर्णय त्याच कायद्याखाली अधिसूचित करायला कोणती अडचण आहे, हे महसूल खात्याने एकदा सांगावे.

यादी चावडीवर लावल्याने प्रामाणिक कर्मचाऱ्यांचेही भलेच होईल. मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत यापूर्वीच्या अतिवृष्टीच्या अनुदानवाटपात बोगस नावे घुसवून रकमा उचलल्याचे चौकशीत आढळले आणि त्यात अनेक महसूल कर्मचारी निलंबित झाले. ज्या गावात कोणाकडे किती शेत आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, त्या गावात भूमिहीनाच्या नावापुढे हेक्टरभर बागायत दाखवलेली यादी भिंतीवर लागली असती, तर ती दुपारपर्यंतही टिकली नसती. ती टिकली, कारण ती गावाने पाहिलीच नाही.

खरवडून गेलेल्या जमिनीचा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. पीक गेले तर एक हंगाम जातो. सीनेच्या वळणावर मात्र पुराने कमरेइतकी काळी माती उचलून नेली आणि खाली मुरूम उघडा पाडला, तिथे पुढची दहा वर्षे काय पिकणार, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतचे काम, असे जाहीर झाले आहे. वृत्तपत्रांतून हे आकडे एकत्र करून छापले गेले आणि गावोगावी ‘हेक्टरी साडेतीन लाख मिळणार’ असा समज पसरला. वास्तविक ते तीन लाख शेतकऱ्याच्या हाती येणारे पैसे नाहीत. ते एका कामाचे अंदाजपत्रक आहे. त्यासाठी जॉब कार्ड लागते, तांत्रिक मान्यता लागते, हजेरीपट निघावा लागतो, आणि मजुरी व साहित्य यांचे ६० : ४० हे प्रमाण सांभाळावे लागते. शेतकऱ्याला हवी असते तलावातला गाळ आणून टाकणारी यंत्रे आणि ट्रॅक्टर, म्हणजे जवळजवळ सगळा खर्च यंत्राचा आणि वाहतुकीचा. रोजगार हमीची रचना मात्र हातांना काम देण्यासाठी झालेली आहे आणि यंत्रांचे तिला वावडे आहे. या दोहोंची सांगड कशी घालणार, याचे उत्तर ग्रामपंचायतीतल्या रोजगार सेवकाकडे नाही आणि पंचायत समितीकडे विचारले तर ‘मार्गदर्शक सूचना येतील’ असे ऐकायला मिळते. उन्हाळ्यात तलाव तळाला जातील तेव्हाच गाळ निघेल, म्हणजे तयारी आत्ताच व्हायला हवी. त्यासाठी कोणत्या गटातील किती गुंठे खरवडले याची निश्चित नोंद लागते, आणि पिकाच्या पंचनाम्यात ती अनेकदा वेगळी केलेलीच नसते. पीक आणि माती यांचे पंचनामे स्वतंत्र असावेत. मातीच्या पंचनाम्याची नक्कल हाती असेल, तरच शेतकरी मे महिन्यात कोणाच्या तरी टेबलासमोर उभा राहून हक्काने बोलू शकेल.

बटईदारांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र संपवता येत नाही, जरी त्याला सोपे उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या भागात बरीच शेती बटईने होते आणि ती तोंडी असते. हैदराबाद कुळवहिवाट कायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. लेखी दिले की कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, असे मालकांना वाटते. परिणामी बियाणे-खताचा निम्मा खर्च करणारा आणि सगळे कष्ट करणारा माणूस कोणत्याही यादीत नसतो, आणि मदत सातबाऱ्यावरील नावाला जाते. समजूतदार मालक अर्धी रक्कम देतात, तसे अनेक आहेत. जे देत नाहीत त्यांच्यावर काही सक्ती नाही. किमान पंचनाम्यात ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा एक रकाना असावा आणि त्या नोंदीने मालकी हक्काला किंवा कुळाच्या दाव्याला कोणतीही बाधा येणार नाही, असे त्याच फॉर्मवर छापावे. त्याला मदत द्यायची की नाही हा पुढचा निर्णय. पण तो आहे, एवढे तरी सरकारी कागदाने मान्य करावे.

आता विधिमंडळाच्या अधिवेशनाविषयी. ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञा शासनाच्या नियमावलीत नाही, तरी दुष्काळाच्या सर्व सवलती देऊ, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितलेले आहे, त्यावर सभागृहात घोषणाबाजी होईल आणि कर्जमाफीवर गदारोळ होईल, हे दिसतेच आहे. मराठवाड्यातील आमदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, माझी विनंती आहे की त्यांनी तालुकानिहाय तीन आकडे सरकारकडून लेखी मागून घ्यावेत : पंचनाम्यात आलेले शेतकरी किती, मदत प्रत्यक्ष खात्यात जमा झालेले किती, आणि या दोहोंमधील फरकाची कारणवार विभागणी काय. ते उत्तर मिळाल्यास आपण आपल्या जिल्हा पुरवणीत ते तालुक्यांच्या नावांसह पूर्ण छापावे, एवढी विनंती करून थांबतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामसेवक व शेतकरी
जि. धाराशिव